‘शॉर्टसर्किट’ लिहिण्यापूर्वी थोडे गणित

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घराला, दुकानाला किंवा गोदामाला आग लागल्याची बातमी आपल्या दैनिकात आणि इतरही दैनिकांत येते, तेव्हा तिच्या शेवटी ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे’ हे वाक्य जवळजवळ ठरलेले असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी आयुष्यभर मुलांना वायरिंग शिकवले, आणि निवृत्तीनंतरही हे वाक्य वाचले की हात खडू शोधू लागतो. विजेमुळे लागणारी प्रत्येक आग शॉर्टसर्किटची नसते. बऱ्याचदा तर शॉर्टसर्किटच्या नेमकी उलट गोष्ट घडलेली असते, आणि ते समजून घेण्यासाठी दहावीच्या विज्ञानापलीकडचे काहीही लागत नाही. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह हे दोन आकडे हाती असले की दाबाला प्रवाहाने भागून रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते. या एका भागाकारावर आणि एका गुणाकारावर माझे सारे म्हणणे उभे आहे, म्हणून ते एका घडलेल्या गोष्टीतून मांडतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, आमच्या घरात मासळी कधी शिजत नाही, मग न्हाणीघराच्या दाराशी सकाळी सकाळी मासळीसारखा वास कसला येतो?” असे तिने विचारले. ज्यांनी हा धंदा केला आहे त्यांना या वासाचा अर्थ सांगावा लागत नाही. सॉकेटचे किंवा प्लगचे प्लास्टिक तापू लागले की असाच वास सुटतो. मी विचारले, वायरमनला दाखवले का? दाखवले होते. त्याने येऊन बोर्ड पाहिला, “एमसीबी पडत नाही ना, मग काळजीचं कारण नाही,” असे सांगितले आणि तो निघून गेला. एमसीबी म्हणजे प्रवाह ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडून वीज तोडणारे बटण. त्या मुलाला मी दोष देत नाही. एमसीबी पडला नाही म्हणजे सारे ठीक आहे, ही समजूत सर्वत्र आहे, आणि तिचे मूळ तुमच्या-आमच्या शॉर्टसर्किट या एका शब्दाच्या प्रेमात आहे.

दुसऱ्या दिवशी दाब व रोध मोजणारे मल्टिमीटर आणि तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे क्लॅम्प मीटर घेऊन मी तिच्या घरी गेलो. गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेले होते. या दोन आकड्यांवरून त्याच्या कॉइलचा रोध आधीच काढता येतो, कारण दाबाच्या वर्गाला शक्तीने भागले तरी रोधच मिळतो: २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागले की २६.४५ ओहम. गिझर चालू करून मोजणी केली. एमसीबीच्या पेटीत दाब २२८ व्होल्ट होता, गिझरच्या आतल्या टोकांवर तो २२२ व्होल्ट भरला, आणि तारेतून वाहणारा प्रवाह ८.४ अँपिअर होता. (चालू वीजपुरवठ्यावर झाकण उघडून असे मोजणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, वाचकांपैकी कोणीही ते घरी करून पाहू नये.) आता २२२ भागिले ८.४ म्हणजे २६.४३ ओहम. पाटीवरून काढलेला रोध आणि मोजणीतून मिळालेला रोध इतके तंतोतंत जुळले म्हटल्यावर गिझरची कॉइल निर्दोष ठरली. २२२ गुणिले ८.४ म्हणजे सुमारे १८६५ वॅट; दाब २३० पेक्षा कमी असल्याने शक्तीही दोन हजारांच्या आत आली, यातही विपरीत काही नाही.

प्रश्न उरला तो वाटेत हरवलेल्या ६ व्होल्टचा. पेटीपासून न्हाणीघरापर्यंत अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची तार अंदाजे १५ मीटर गेली होती, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर. या जाडीच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.००८ ओहम धरला तर तीस मीटरचा ०.२४ ओहम होतो, आणि ८.४ अँपिअरला त्यात २ व्होल्ट खर्च होतात. ते रास्त आहेत. उरलेले ४ व्होल्ट तारेत कुठेही हरवायचे कारण नव्हते. मेन स्विच बंद करून पॉवर सॉकेटमधून प्लग ओढला, तेव्हा एक पिन पितळी चकाकीची होती आणि दुसरी तपकिरी पडून बुडाशी काळी झाली होती. तिच्या भोवतीचे प्लास्टिक तांदळाच्या दाण्याएवढे फुगून आले होते, आणि आतला तार दाबणारा स्क्रू बोटानेच अर्धा आटा फिरला. सॉकेटमधली पितळी पकडही सैल झाली होती.

४ व्होल्ट भागिले ८.४ अँपिअर म्हणजे ०.४८ ओहम. अर्धा ओहमही नाही! मल्टिमीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी काही मीटर तेवढा रोध स्वतःचाच दाखवतात. आता गुणाकार करू. ४ व्होल्ट गुणिले ८.४ अँपिअर म्हणजे ३३.६ वॅट. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून एक तुलना देतो. आमच्या कार्यशाळेत मुलांच्या हातात जो सोल्डरिंगचा डाग (सोल्डर वितळवून तारा जोडण्याचे तापणारे हत्यार) असे, तो २५ वॅटचा, आणि तेवढ्यावर त्याचे टोक सोल्डर सहज वितळवते. साधे सोल्डर वितळायला १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. बहिणीच्या भिंतीत त्याहून मोठा डाग रोज सकाळी अर्धा तास, प्लास्टिकच्या डबीत कोंडून, चालू राहत होता. घरातल्या नेहमीच्या पीव्हीसी तारेचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. तीस मीटर तारेतही सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होत होती, पण ती मीटरमागे अर्ध्या वॅटाहून थोडी अधिक, म्हणजे हाताला न जाणवणारी. इकडे तिच्या दुप्पट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत एकवटली होती.

आणि एमसीबी? तो पडणार तरी कशाला? सैल जोड नसता तर एकूण रोध २६.४५ अधिक ०.२४, म्हणजे २६.६९ ओहम झाला असता आणि २२८ व्होल्टला प्रवाह ८.५४ अँपिअर वाहिला असता. सैल जोडाने त्यात ०.४८ ओहमची भर घातली आणि प्रवाह ८.४ पर्यंत उतरला. बिघाड झाला आणि प्रवाह घटला! सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने घर पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित झाले होते. हल्ली अनेक घरांत गळती पकडणारा आरसीसीबी बसवलेला असतो. तोही येथे गप्पच राहतो, कारण फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, पूर्णपणे परत येतो, तो कोठे गळत नाही. जोड तापला की पितळेची पकड आणखी सैल होते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधाने जोड आणखी तापतो. ०.४८ चा रोध दुप्पट झाला तर प्रवाह जेमतेम ८.२५ अँपिअरपर्यंत उतरतो, पण उष्णता ३४ वॅटांवरून ६५ वॅटांवर जाते.

याच्या शेजारी खरे शॉर्टसर्किट ठेवून पाहावे. पाठ्यपुस्तक त्याला लघुपरिपथन म्हणते, आणि अर्थ साधा आहे: फेज आणि न्यूट्रल मध्ये कोणतेही उपकरण न येता परस्परांना भिडणे. समजा, रस्त्यावरच्या तारांसह साऱ्या वाटेचा रोध तेवढाच, अर्धा ओहम आहे. २३० भागिले अर्धा म्हणजे ४६० अँपिअर, आणि २३० गुणिले ४६० म्हणजे एक लाख वॅटांच्या वर. येथे ठिणगी उडते, आवाज होतो, पण सी प्रकारचा सोळा अँपिअरचा एमसीबी आपल्या क्षमतेच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअरच्या टप्प्यातच क्षणार्धात पडण्यासाठी बनवलेला असल्याने तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वाट तोडतो. म्हणजे अर्धा ओहमचा रोध एकटा असला तर संरक्षण जागे होते, आणि तोच अर्धा ओहम गिझरच्या मागे रांगेत उभा राहिला तर संरक्षण झोपलेले राहते. जिथे एमसीबीच नाही आणि फ्यूजमध्ये ठरलेल्या बारीक तारेऐवजी कोणीतरी जाड तांब्याची तार गुंडाळून ठेवली आहे, तिथे शॉर्टसर्किटनेही आग लागते, हे मी नाकारत नाही. पण सैल जोडाने आवरण वितळले, मग आतल्या तारा एकमेकींना भिडल्या आणि शेवटी धडाका झाला, असाही क्रम असतो. त्या वेळी शेजाऱ्यांनी ऐकलेला आवाज शॉर्टसर्किटचाच असतो, मात्र ते आगीचे कारण नसून तिचा परिणाम असतो.

विद्यार्थ्यांचा या ठिकाणी हमखास गोंधळ होतो, आणि मला वाटते की बातमीदारांचाही तोच होत असावा. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध असे एक सूत्र सांगते, म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढायला हवी. तर शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध असे दुसरे सूत्र सांगते, म्हणजे रोध कमी झाला की उष्णता वाढायला हवी. यातले खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. फक्त काय स्थिर आहे ते आधी पाहायचे. एकाच दाबावर वेगवेगळी उपकरणे स्वतंत्रपणे जोडली तर कमी रोधाचे उपकरण जास्त वॅट घेते. एकाच वाटेत, एकामागोमाग, दोन रोध असले तर दोहोंतून तोच प्रवाह जातो आणि ज्याचा रोध जास्त तो जास्त तापतो. वर्गात मी हे साठ आणि शंभर वॅटच्या जुन्या बल्बवर दाखवत असे. वेगवेगळे लावले तर शंभरचा अर्थातच अधिक उजळ. मग दोन्ही एकसरीत जोडायचे आणि बटण दाबण्यापूर्वी मुलांना विचारायचे, आता कोणता उजळेल? सगळा वर्ग शंभर म्हणून ओरडायचा. बटण दाबले की साठचा पेटायचा आणि शंभरच्या तारेत नुसती तांबूस रेघ दिसायची, कारण २३० व्होल्टवर साठच्या बल्बचा रोध ८८२ ओहम आणि शंभरचा ५२९. सैल प्लगमध्ये आणि गिझरमध्ये हीच एकसर असते. गिझरचा रोध कितीतरी मोठा म्हणून उष्णतेचा मोठा वाटा त्याचाच, पण तिथे ती उष्णता पाण्यात जाते आणि प्लगमधली भिंतीत.

ज्या दोघांमुळे आपण हे हिशेब करू शकतो त्यांची आठवण एका वाक्यात काढतो. जर्मनीतल्या कलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला, पण त्यांच्या मायदेशाने बराच काळ त्याकडे पाठ फिरवली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले ते १८४१ साली. त्याच वर्षी इंग्लंडातल्या सॅलफर्ड येथील मद्यनिर्मिती करणाऱ्या घरातल्या जेम्स जूल या तरुणाचा, तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर आणि रोधावर अवलंबून असते हे सांगणारा निबंध प्रसिद्ध झाला.

सैल जोडाचा भाऊ म्हणजे अतिभार, आणि बातम्यांत त्यालाही शॉर्टसर्किटच म्हटले जाते. एका एक्स्टेन्शन बोर्डावर १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटची किटली एकाच वेळी लावली तर प्रवाह ४.३५ अधिक ६.५२, म्हणजे जवळपास ११ अँपिअर होतो. त्या बोर्डाची केबल पाऊण स्क्वेअरची आणि पाच मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध साधारण पाव ओहम भरतो आणि तिच्यात ३० वॅट उष्णता निर्माण होते. केबल जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. पण आपल्याकडे उरलेली केबल गुंडाळून, वर रबर लावून, पलंगाखाली सरकवण्याची टापटीप आहे. मागचा एमसीबी सोळाचा, त्यामुळे अकरा अँपिअरला तो हलत नाही. प्रवाह निम्म्यावर आणला, म्हणजे एका वेळी एकच उपकरण लावले, तर उष्णता निम्मी नव्हे, पाव होते. वर्गाचा हा गुण माझ्या मते घरोघरी गृहिणींना ठाऊक असायला हवा, आणि गृहस्थांनाही.

हा बिघाड वीजबिलात तरी दिसेल का, असे बहिणीच्या यजमानांनी विचारले. त्यांच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असे छापलेले होते, म्हणून घरातले बाकी सारे बंद करून गिझर चालू असताना मीटरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते आम्ही मोजले. लुकलुकींची संख्या गुणिले १८.७५ (६० गुणिले १०००, भागिले ३२००) केले की वॅट मिळतात. संख्या १०२ भरली, म्हणजे सुमारे १९१५ वॅट, आणि २२८ गुणिले ८.४ केले तरी उत्तर तेच येते. यात प्लगमध्ये जळणाऱ्या ३४ वॅटांचा वाटा मिनिटाला दोन लुकलुकींपेक्षाही कमी होता. रोज अर्धा तास धरला तर महिन्याला अर्धे युनिट. बिलाच्या कागदावर ते कोणाच्या नजरेस पडणार? ही मोजणी मात्र कोणीही करू शकतो, कारण तिला कशालाही हात लावावा लागत नाही.

या गणिताला मर्यादा आहेत. कॉइल असलेल्या उपकरणांना, म्हणजे गिझर, इस्त्री, शेगडी यांना ते सरळ लागू पडते. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांच्यात दाब गुणिले प्रवाह केल्यास येणारा आकडा खऱ्या वॅटांपेक्षा जास्त असतो. त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे खरे वॅट आणि हा गुणाकार यांच्या गुणोत्तराने, गुणावे लागते, आणि दाब भागिले प्रवाह करून मोटारीचा रोध मिळाला असे समजणे तर साफ चूक. म्हणूनच दाब १८० व्होल्टवर उतरला की गिझर २००० ऐवजी १२२५ वॅटच घेतो आणि थंड पडतो, पण शेतातला पंप तेवढेच पाणी उपसण्यासाठी प्रवाह वाढवून घेतो आणि मोटारीचे वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळते. जुना पिवळा बल्बसुद्धा सरळ नसतो: साठच्या बल्बचा रोध थंड असताना मल्टिमीटरवर मोजला तर तो ८८२ च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो, कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो.

आता संपादक महोदय, आपल्याकडे मागणे. आगीची बातमी देताना कारण निश्चित झालेले नसेल तर ‘विजेच्या जोडणीतून आग लागल्याचा संशय’ एवढेच लिहावे. आपल्या वार्ताहरांनी घटनास्थळी दोन-तीन प्रश्न विचारावेत: आग लागली तेव्हा कोणती उपकरणे चालू होती, एमसीबी पडलेला होता की चढलेला, आणि आधीच्या दिवसांत वास, बोर्ड गरम लागणे किंवा दिवे मिचमिचणे असे काही कोणाच्या लक्षात आले होते का. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार अशा अपघातांच्या चौकशीसाठी विद्युत निरीक्षक असतात. त्यांचा निष्कर्ष आठवड्यांनी येतो तेव्हा बातमी शिळी झालेली असते, हे मला कळते. तरीही चार ओळींत का होईना, तो छापावा. कारण ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द वाचून वाचकाला वाटते की हा दैवाचा घाला होता आणि आपल्या घरात एमसीबी आहे म्हणजे आपण सुटलो. ‘सॉकेटमधला स्क्रू सैल होता’ असे वाचले तर तो उठून निदान आपल्या गिझरच्या प्लगला हात लावून पाहील. गिझर दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करावा आणि मग प्लग बाहेरून चाचपावा. तो कोमट लागला तर चालेल, पण हात ठेवता येत नसेल तर वायरमनला बोलवावे आणि स्क्रू आवळून घेण्यावर न थांबता प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्यावेत, कारण एकदा तापून मऊ झालेली पितळी पकड पुन्हा घट्ट बसत नाही.

बहिणीच्या घरी दोन्ही बदलल्यावर मी पुन्हा मोजले. पेटीत २२८, गिझरच्या टोकांवर २२६, प्रवाह साडेआठ अँपिअर. जुना प्लग मी मागून आणला आहे. त्याच्या दोन पिनांचे छायाचित्र या पत्रासोबत पाठवत आहे. जागा असल्यास पत्राशेजारी छापावे.

आपला,
तारतंत्री व्यवसायाचा एक निवृत्त शिल्प निदेशक